तैलरंगात चेहरा शिकायचाय? आर्वीकडचा हा वर्ग कराच

मी पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, देवळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम घटलं, पण घरच्या वडीलधाऱ्यांचं चित्र काढून मागणारे अजून येतात. म्हणून आर्वी तालुक्यात एक निवृत्त ड्रॉइंगचे सर रविवारी तैलरंगाचा वर्ग घेतात, तिथे नाव घातलं.

इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच चित्र नकलायचं असतं. डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी. चित्र 1665 च्या सुमाराचं, नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. मूळ माप 44.5 बाय 39 सेंटिमीटर, आणि सर कॅनव्हास त्याच मापाचा ताणायला लावतात. त्यामुळे कुठे चुकतंय ते थेट माप लावून कळतं.

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबर या तपकिरी रंगाने फक्त उजेड आणि सावली. ती सरांना पटेपर्यंत दुसरी ट्यूब उघडायची नाही. पाट्या रंगवणाऱ्याचा हात आधी कडा शोधतो. या मुलीच्या नाकाला उजेडाकडून कडाच नाही! नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल एकाच रंगात मिसळून गेलेत. अलीकडच्या सावलीनेच नाक उभं राहतं. मी तिथे रेघ ओढायला गेलो की सर हात धरायचे, "पाह्य आधी. तिथं रेघ हाये का?" डुलाचंही तसंच. कानात अडकवायची कडी काढलेलीच नाही. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचा उजेड पडल्याची मऊ झाक, आणि आपल्याला अख्खा मोती दिसतो. एवढ्या दोन जागांसाठी मी पूर्ण फी पुन्हा भरीन.

तेलाबद्दल सर फार काटेकोर. जवस आपल्याकडे घरोघरी, पण तेलघाण्याचं तेल ते रंगात घालू देत नाहीत. ते वाळायला वेळ घेतं आणि पिवळं पडतं. चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं जवसाचं तेलच आणायचं. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि तेल जास्त तेवढा वेळ जास्त. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. नकलेसाठी दिलेल्या प्रिंटमध्ये फेट्याचा निळा जांभळट आलाय. मूळ निळा लाजवर्द दगड कुटून केलेल्या अल्ट्रामरीनचा आहे, त्यामुळे ही चूक डोळ्याला खुपते. संग्रहालयाच्या वेबसाइटवर मोठा फोटो आहे, टॅबवर तो समोर ठेवला तर प्रश्न मिटतो. दुसरं, मागचा भाग सर सरळ काळा करून घेतात. तो मुळात हिरव्या रंगाच्या पारदर्शक थराचा होता, काळाने बदलला. काळ्यावर हिरव्याचा एक पातळ थर देऊन पाहायला लावलं तर विद्यार्थ्यांना ग्लेझिंग, म्हणजे पारदर्शक थर चढवणंही तिथेच शिकता येईल.

फी परवडणारी आहे. रंग, ब्रश आणि कॅनव्हासचा खर्च वेगळा. पावसाळ्यात नाव घालू नका, थर वाळता वाळत नाहीत. दिवाळीनंतर जा, आणि खिडकी डाव्या हाताला येईल अशी जागा धरा.