गिटफ्लो सोडून ट्रंकवर आलो, त्यानंतरचा अनुभव

आमची टीम वेब सर्व्हिसवर काम करते. बदल तयार झाला की लगेच लाइव्ह जावा ही अपेक्षा, आणि पद्धत मात्र गिटफ्लोची, म्हणजे गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कोडच्या पाच प्रकारच्या समांतर शाखा, अर्थात ब्रँच: मेन, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी ती २०१० मध्ये मांडली आणि सतत डिलिव्हरी करणाऱ्या टीमनी याहून साधी पद्धत घ्यावी, अशी टीप २०२० मध्ये स्वतःच त्या लेखाला जोडली. आम्ही ट्रंक-बेस्डवर आलो. एकच मेन (हाच ट्रंक), आणि बाकी ब्रँच फार तर दोन दिवसांची, मग ती मेनमध्ये मिसळायची, म्हणजे मर्ज करायची. आता बरेच महिने झालेत.

कॉन्फ्लिक्ट, म्हणजे मर्ज करताना दोघांच्या बदलांची होणारी टक्कर, कमी होतात हे सगळेच सांगतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते गिटला न दिसणारे कॉन्फ्लिक्ट लवकर सापडणं. एका ब्रँचवर टाइमआउटचं (उत्तराची वाट किती वेळ बघायची ते ठरवणारं) फंक्शन सेकंदांऐवजी मिलिसेकंद घ्यायला लागलं. दुसऱ्या ब्रँचवर, वेगळ्याच फाइलमध्ये, कुणीतरी त्याच फंक्शनला ३० पाठवलं, सेकंद समजून. ओळी वेगळ्या, त्यामुळे मर्ज बिनबोभाट होतो आणि रिक्वेस्ट मात्र पटापट टाइमआउट व्हायला लागतात. ब्रँच जितकी जुनी, तितकं असं काहीतरी आत दडलेलं असतं. रोज मर्ज होत असेल तर ते दुसऱ्या दिवशीच सापडतं, आणि ज्याने लिहिलंय त्याच्या डोक्यात सगळं ताजं असतं. बायसेक्टही (नोंदवलेल्या बदलांतले, म्हणजे कमिटमधले, दर पायरीला निम्मे वगळत बिघाड शोधणारी गिटची सोय) आता खरंच कामाला येतं. हजार कमिटमधून बिघाड शोधायला साधारण दहा पायऱ्या लागतात, आणि शेवटी हाती येणारा कमिट वाचता येईल इतका छोटा असतो.

किंमत फीचर फ्लॅगची, म्हणजे कोडमधला एखादा भाग चालू-बंद करणाऱ्या स्विचची, मोजावी लागते. अर्धवट काम मेनवर जाणार, म्हणजे ते फ्लॅगमागे बंद ठेवायचं. दहा ऑन-ऑफ फ्लॅग साचले की कोडच्या शक्य स्थिती १०२४ होतात. एवढ्या कोण टेस्ट करणार? म्हणून फ्लॅग टाकतानाच तो काढायचा टास्क बनवायचा आणि त्यावर कुणाचं तरी नाव टाकायचं. हे आम्ही सक्तीचं केलंय, आणि तुम्हीही कराच.

रिव्ह्यू लगेच व्हायला हवा. पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मेनमध्ये घ्या ही विनंती) तीन दिवस पडून राहिली तर ब्रँच छोटी ठेवून उपयोग काय? टेस्टही विश्वासाच्या हव्यात. कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट असतील तर आधी त्या दुरुस्त करा, मग ट्रंकचा विचार करा.

ग्राहकांकडे इन्स्टॉल होणारं सॉफ्टवेअर असेल आणि जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या असतील, तर रिलीज ब्रँच लागतातच. आमचं एक टूल तसं आहे. त्यात फिक्स आधी मेनवर जातो आणि मग चेरी-पिकने (तेवढाच कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावणं) रिलीज ब्रँचवर, कधीच उलट नाही. उलट केलं की तो फिक्स मेनवर आणायचा राहून जातो आणि पुढच्या आवृत्तीत तोच बग परत येतो.