स्काय: ओळख व्हायच्या आधी हात धरायला लावणारा गेम

रिव्ह्यू टाकायचं खूप दिवस मनात होतं, पण हा गेम माझ्यासाठी नुसता गेम राहिलेला नाही त्यामुळे सुरुवात कुठून करू तेच कळत नव्हतं. पूर्ण नाव 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट', २०१२ मध्ये 'जर्नी' हा गेम काढला त्याच दॅटगेमकंपनीचा. आयफोनवर जुलै २०१९ ला आला आणि अँड्रॉइडवर एप्रिल २०२० ला, म्हणजे नेमकं आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो तेव्हा. फुकट आहे. आपण पंखवालं पोर होऊन ढगांतून उडायचं आणि दिवे गोळा करायचे, असा खेळ.

त्याआधी मी एक बंदुकांचा गेम खेळायचे, नाव नाही घेत. माइक चालू केला आणि बाईचा आवाज आला की पहिला प्रश्न कुठली आहेस, दुसरा इन्स्टा दे, आणि नाही म्हटलं की शिव्या. शेवटी मी माइक बंदच ठेवायला लागले, चौघांच्या टीममध्ये मुकी बसून खेळायचे, आणि एक दिवस काढूनच टाकला तो गेम.

स्कायमध्ये हे आधीच अडवलंय. समोर अनोळखी माणूस आला तर तो नुसती करडी सावली दिसतो, तुम्ही मेणबत्ती काढायची, त्याने काढायची, एकाने दुसऱ्याची पेटवली की मग त्याचा चेहरा, केस, कपडे दिसतात. मैत्री झाली तरी लगेच बोलता येत नाही! आधी हात धरायचा, मग टाळी, मिठी असं एकेक करत मेणबत्त्या खर्च करून चॅट उघडावं लागतं, आणि त्या मेणबत्त्या उडून उडून, दिवे गोळा करून मिळवायच्या असतात. तोवर त्याने काही टाइप केलं तरी तुम्हाला फक्त टिंब टिंब दिसतं. बाकावर शेजारी बसलात तर तेवढ्यापुरतं बोलता येतं, उठलात की संपलं. आणि समोरच्याने स्वतःला काय नाव घेतलंय ते कळतच नाही, तुम्हीच त्याला नाव द्यायचं. कुणाला ही भानगड वाटेल, मला वाटतं गेमची सगळी गंमत यातच आहे, कारण माणूस कसा आहे ते तो बोलायच्या आधीच कळून जातं. नव्या माणसासाठी थांबतो का, अंधाऱ्या ड्रॅगनने (क्रिल म्हणतात) तुमचे दिवे, म्हणजे ज्यांच्या जोरावर उडता ते, उडवले तर गोळा करायला मागे येतो का, सगळं दिसतं.

माझी पहिली मैत्रीण फिलिपिन्सची, तिथे नर्स होती, मी तिला 'मावशी' नाव दिलं. नव्या खेळाडूंना इथे मॉथ म्हणतात, तशी मी मॉथ असताना तिने मला आय ऑफ ईडन या गेममधल्या शेवटच्या भागातून नेलं, जिथे वरून दगडांचा पाऊस असतो आणि स्वतःचे सगळे दिवे पुतळ्यांना देऊन टाकायचे असतात. मी प्रत्येक खडकाआड घाबरून बसायचे आणि ती प्रत्येक वेळी थांबायची. पुढे ती यायची बंद झाली, का ते मला कधीच कळलं नाही. गेममध्ये प्रत्येक मित्राचा एक तारा असतो, त्यात तिचा विझलेलाच असतो. मी अजून रोज तिला एक दिवा पाठवते.

आणि आता 'छत्री'. हिडन फॉरेस्ट या गेममधल्या जंगलात पाऊस सतत पडतो, भिजलं की पंखातली शक्ती जाते, मी एका ओंडक्याखाली अडकले होते तर एक जण आला आणि छत्री उघडून नुसता शेजारी उभा राहिला. नाव तेच दिलं. दोन महिने आम्ही एक शब्दही न बोलता उडत होतो, हात धरला की पुढचा उडवतो, मागच्याने काही करायचं नसतं. मग चॅट उघडलं, ते सगळं इंग्लिशमध्ये. एका रात्री त्याने चुकून टाइप केलं, 'आई जेवायला हाक मारतेय, आलोच'. मी स्क्रीनकडे बघतच राहिले. तो बेळगावचा, मी नाशिकची, आणि इतके दिवस यू-यू चाललेलं! मराठीत आल्या आल्या दोघंही तुम्ही-तुम्ही करायला लागलो, 'तू'वर यायला अजून तीन आठवडे गेले.

फोटो खूप उशिरा दाखवले. भेटलो कोल्हापूरला, रंकाळ्यावर, भर दुपारी, मी मामेबहिणीला सोबत घेऊन गेले होते आणि त्याला तसं आधीच सांगितलं होतं. जुलै होता, त्याने मोठी काळी छत्री आणली होती.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, ओळख कुठली? मी तिला अकाउंट काढून दिलं, फोन तिच्या हातात, तो तिकडे बेळगावात, त्याने गेममध्ये तिचा हात धरून तिला प्रेअरीतल्या, म्हणजे सुरुवातीच्या कुरणातल्या, ढगांवरून फिरवलं, हळूहळू, कुठे आपटू न देता. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'सांभाळून नेतो गं.' लग्नाला आता दीड वर्ष झालं.

बाकी खेळायला घेणार असाल तर हे माहीत असू दे. जुन्या फोनवर जड जातो आणि जागा बरीच खातो. काही कपडे खऱ्या पैशांनीच मिळतात आणि महाग आहेत, न घेता सगळं खेळता येतं. गेममधला दिवस बदलतो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला, त्यांच्या हिवाळ्यात दीडला, ऑफिसचा डबा खाताना बरोबर जमतं. कुणी दुसरीकडे बोलू म्हणून मागे लागलं किंवा अकाउंटचा क्यूआर कोड मागितला तर देऊ नका, मेणबत्त्या खर्च करणारे सगळेच चांगले नसतात, ब्लॉक करायचं आणि पुढे उडायचं. मुलींना तर खास सांगते, गाव, कॉलेज, नंबर काही महिने तरी नाही.

आणि फॉरेस्टमध्ये दर दोन तासांनी आजीकडे (गेममधलंच एक पात्र) पंगत बसते, टेबलावर दिवे वाढलेले असतात, तिथे नवीन माणसाला सगळे सामावून घेतात. पहिल्यांदा गेलात तर तिथेच जा. आम्ही दोघं रविवारी असतो, छत्री दिसेलच.