टाकीत उतरण्यापूर्वीचा धडा : एका ऑनलाइन सुरक्षा अभ्यासक्रमाचे परीक्षण

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण म्हटले की नियमांच्या स्लाइड, मागे चाललेला एकसुरी आवाज आणि शेवटी एक चाचणी, एवढेच बहुधा वाट्याला येते. रबाळे येथील आमच्या कारखान्याने या वर्षी ठाण्यातील एका संस्थेकडून बंदिस्त जागेत, म्हणजे रिअ‍ॅक्टर (रासायनिक प्रक्रियेचे बंद भांडे) किंवा साठवण टाकीत, उतरण्याविषयीचा मराठी अभ्यासक्रम घेतला. प्रशिक्षण विभागात काम करत असल्यामुळे मी तो स्वतः पूर्ण केला आणि नंतर निरनिराळ्या पाळ्यांतील कामगारांसोबत बसून पाहिला.

अभ्यासक्रमात एकच गोष्ट आहे. रात्रपाळीत एक हेल्पर सफाईसाठी रिअ‍ॅक्टरमध्ये उतरतो. परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या लेखी परवान्यावर, सही आहे, मात्र गॅस टेस्टची, म्हणजे आतील हवेच्या तपासणीची, वेळ दुपारची आहे आणि मधल्या काळात नायट्रोजनची लाइन पूर्ण बंद झालेली नाही. शिकणारा मॅनहोलबाहेर स्टँडबाय, म्हणजे आतल्या माणसावर लक्ष ठेवणारा, म्हणून उभा आहे. आतून येणारा आवाज अचानक थांबतो आणि पडद्यावर पर्याय येतात. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांनी आत उतरण्याचा पर्याय निवडला.

येथे ‘उत्तर चुकले’ अशी पाटी येत नाही. गोष्ट पुढे सरकते, वाचवायला गेलेलाही कोसळतो, त्याच्या खिशातील मीटर ऑक्सिजन ११ टक्के दाखवतो आणि मग शिकणाऱ्याला परमिट हातात घेतलेल्या क्षणापर्यंत मागे नेले जाते. हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली श्वसन-उपकरणाशिवाय आत जायचे नसते आणि ऑक्सिजनची जागा घेणाऱ्या नायट्रोजनला रंग वा वास नसल्याने धोक्याची चाहूलच लागत नाही, हे सारे तेव्हा सांगितले जाते, कारण तेव्हाच ते ऐकण्याची तयारी असते. अमेरिकेतील नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते की बंदिस्त जागेतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. हा आकडा मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. परंतु स्वतः निवडलेल्या पर्यायाचा परिणाम पाहिल्यावर खोलीत जी चर्चा झाली, ती त्या आकड्याने कधीच झाली नव्हती. एक ज्येष्ठ ऑपरेटर म्हणाले, “मॅडम, दुपारची टेस्ट रात्री चालत नाही हे माहीत असतं, पण सही दिसली की खालची वेळ कोण वाचतो?”

संस्थेने कामगारांचे म्हणणे ऐकले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिल्या आवृत्तीत सुपरवायझर घाई करणारा आणि बेपर्वा होता. असा माणूस आमच्याकडे नाही, असे कामगारांनी स्पष्ट सांगितल्यावर प्रसंग बदलला : आता सुपरवायझर सज्जन आहे, गॅस टेस्टर दुसऱ्या प्लांटमध्ये अडकला आहे आणि सकाळी उत्पादनाची पुढची बॅच घ्यायची आहे. दोष द्यायला खलनायक उरला नाही, त्यामुळे निर्णय कितीतरी अवघड झाला आणि खराही झाला.

उणिवाही आहेत. नेटवर्क तुटल्यास अभ्यासक्रम पुन्हा सुरुवातीपासून पाहावा लागतो. प्लांटमध्ये मोबाइलला बंदी असल्याने तो कँटीनमध्ये पाहिला जातो आणि तिथल्या गोंगाटात उपशीर्षकांशिवाय आवाज पुरत नाही. शेवटचा अभिप्राय अर्ज तर फारच दुबळा आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम असे प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले होते. हा अर्ज ‘अभ्यासक्रम आवडला का’ एवढे विचारून पहिल्याच टप्प्यावर थांबतो. म्हणून आम्ही स्वतःच भरलेली परमिट तपासून, गॅस टेस्टची वेळ आणि आत उतरण्याची वेळ यांत किती अंतर राहते, हे पाहू लागलो आहोत.

ज्या कारखान्यांत व्हेसल एंट्रीची, म्हणजे टाकी-रिअ‍ॅक्टरमध्ये उतरण्याची, कामे नियमित होतात, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, मात्र ट्रायपॉड आणि हार्नेस (माणसाला बाहेरून ओढून काढायची तिवई आणि अंगावरचे पट्टे) यांचा प्रत्यक्ष सराव त्याच आठवड्यात ठेवावा. नूतनीकरणाच्या वेळी उपशीर्षके आणि थांबलेल्या जागेपासून पुढे पाहण्याची सोय या दोन मागण्या आम्ही संस्थेकडे लेखी दिल्या आहेत.