चेनसॉचा कार्बोरेटर: किट टाकू की नवाच बसवू?

पावसाळाभर पडवीत पडून राहिलेली चेनसॉ आता चालूच होईना, म्हणून मावसभाऊ विचारत होता की कार्बोरेटरमध्ये किट (आतले झिजणारे भाग बदलायचा संच) टाकू का कार्बोरेटरच बदलू. अरे आधी स्पार्क प्लग काढून बघ, चोक लावून ७-८ वेळा दोरी ओढूनही कोरडाच असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, मग टाकीतला फिल्टर बघ आणि त्यानंतरच कार्बोरेटरला हात लाव.

खर्चाचं म्हणशील तर किट स्वस्त, त्यात डायफ्राम (पातळ लवचिक पडदा), गॅस्केट, नीडल वगैरे येतं. पण मेहनत आहे. झाकणाचे ४ स्क्रू काढले की आत चिकट थर, आणि डायफ्राम नखाने दाबला तर कागदासारखा कडकड वाजतो (इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्महिने आत ठेवलं की हेच होणार). नवा डुप्लिकेट कार्बोरेटर अर्ध्या तासात बसतो, पण आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग) सेट करताना जीव जातो, माझा तर एक सीझनही टिकला नाही. जुनी ओरिजिनल बॉडी मात्र किट बदलत वर्षानुवर्षं चालते.

तेव्हा ओरिजिनल कार्बोरेटर असेल आणि एक रविवार मोकळा असेल तर किटच. बॉडीला आतून पांढरी पूड धरली असेल किंवा उद्याच फांद्या तोडायच्या असतील तर गुपचूप नवा आण.