पीजी अँड ई की नगरपालिकेची वीज: उत्तर कॅलिफोर्नियात घर घेण्यापूर्वी

बे एरियात घर शोधणारी मराठी कुटुंबे शाळा, ऑफिसचे अंतर आणि कर्जाचा हप्ता बारकाईने तपासतात. घराला वीज कोण पुरवते हे मात्र बहुतेकांना पहिले बिल हातात पडल्यावरच कळते. सनीव्हेल, फ्रीमाँट आणि सॅन होजे येथे पीजी अँड ई या खासगी कंपनीची वीज आहे. सनीव्हेलला लागून असलेल्या सांता क्लारात, तसेच पालो आल्टोत, नगरपालिकेची स्वतःची वीजसेवा आहे आणि सॅक्रामेंटोत ‘स्मड’ हे लोकनियुक्त मंडळ वीज पुरवते. हे पर्याय तोलताना दराच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: वणवा लागला तर त्याचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी ब्यूट काउंटीत पीजी अँड ईच्या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावरचा, जवळपास शंभर वर्षे झिजत आलेला एक लोखंडी आकडा तुटला. त्यातून पेटलेल्या ‘कॅम्प फायर’मध्ये पॅराडाइज हे गाव जळून गेले आणि 85 माणसे मेली. कॅलिफोर्नियातील न्यायालयांनी रूढ केलेल्या तत्त्वानुसार वीज यंत्रणेमुळे आग लागली, तर हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही तरी मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी वीजपुरवठादारावर येते. 2017 च्या वणव्यांचे दावेही डोक्यावर असलेल्या कंपनीने 29 जानेवारी 2019 रोजी दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला आणि 1 जुलै 2020 रोजी ती त्यातून बाहेर पडली. या काळात दिवाळखोरीमुळे कोणाच्या घरची वीज गेली नाही, त्यामुळे अनेकांना वाटले की आपला या प्रकरणाशी काही संबंध नाही.

संबंध होता, आणि सर्वांत जड तो आगग्रस्तांवर पडला. अर्ज दाखल होताच कंपनीविरुद्धचे खटले थांबले आणि घर गमावलेला माणूस धनकोंच्या रांगेतला एक धनको झाला. ठरलेल्या मुदतीत दावा नोंदवणे ही त्याची जबाबदारी होती. तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या अनेकांपर्यंत ही गोष्ट पोहोचलीच नाही, म्हणून ती मुदत 2019 च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. विमा कंपन्या आणि त्यांचे दावे विकत घेतलेल्या गुंतवणूकदारांना 11 अब्ज डॉलर रोख मिळाले. आगग्रस्तांसाठी 13.5 अब्ज डॉलरचा न्यास झाला, पण त्यातील निम्मी रक्कम कंपनीच्याच शेअरच्या रूपाने होती. ज्या कंपनीच्या तारांनी घर जाळले, तिच्या शेअरचा भाव चढावा अशी आशा त्या घरातल्या माणसांना करावी लागली. हे मला आजही अन्यायाचे वाटते, कारण बाजाराची जोखीम ती पेलण्याची सर्वांत कमी ताकद असलेल्यांवर टाकली गेली. न्यासाने मंजूर केलेल्या रकमेच्या सुमारे 70 टक्केच पैसे 2024 पर्यंत त्यांच्या हाती पडले.

ज्यांच्या घराला आगीची झळ लागली नाही, त्यांना हा खर्च बिलातून भेटतो. पीजी अँड ईच्या सविस्तर बिलावर ‘वाइल्डफायर फंड चार्ज’ ही वेगळी ओळ असते. 2019 च्या कायद्याने राज्यातील तीन मोठ्या खासगी वीज कंपन्यांसाठी 21 अब्ज डॉलरचा निधी उभारला. त्यातला निम्मा भार ग्राहकांवर, निम्मा भागधारकांवर ठेवला. दक्षिणेत जानेवारी 2025 मध्ये लागलेल्या ईटन आगीनंतर हा निधी अपुरा पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि त्याच वर्षी आणखी 18 अब्ज डॉलरची तरतूद झाली. शिवाय झाडतोड, तारा बदलणे आणि त्या जमिनीखाली नेणे हा खर्चही दरात मिसळतो. निवासी दर आता युनिटला 40 सेंटच्या आसपास आहे. स्मड आणि सांता क्लाराचा दर त्याच्या निम्म्याहून कमी आहे. हा सगळा फरक वणव्यांमुळे आहे असे म्हणणे चूक ठरेल, पण त्यांचा वाटा मोठा आहे. महिन्याला 600 युनिट वापरणाऱ्या घरात हा फरक वर्षाला दीड हजार डॉलरच्या घरात जातो, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर त्याहून पुढे.

स्थानिक संस्थेची वीज घेतली की पीजी अँड ईपासून सुटका होते, हा गैरसमज येथे दूर करायला हवा. सॅन होजे क्लीन एनर्जी किंवा फ्रीमाँटमधील आवा या संस्था फक्त वीज खरेदी करतात. तारा, देखभाल आणि वणव्यांपोटीचे शुल्क पीजी अँड ईचेच राहते.

नगरपालिकेची वीज स्वस्त राहते याचे एक मोठे कारण भूगोल आहे: सपाट, दाट वस्तीत तारा कमी लांबीच्या आणि जंगलापासून दूर असतात. तिलाही दायित्वाचे तेच तत्त्व लागू आहे, मात्र राज्याच्या निधीत ती नाही. म्हणजे तिच्या तारांमुळे मोठी आग लागलीच, तर भार त्या एका शहराच्या ग्राहकांवर येईल. सांता क्लाराबाबत ही शक्यता मला फार कमी वाटते. पालो आल्टोच्या हद्दीत डोंगरउतार आहेत, म्हणून तेथे थोडी अधिक चौकशी करावी. शिवाय त्या शहराला वीज पीजी अँड ईच्याच उच्चदाब वाहिन्यांवरून येते, आणि 2010 मध्ये एक लहान विमान त्यांवर आदळले तेव्हा संपूर्ण शहर अंधारात गेले होते.

वाऱ्याच्या दिवशी आग टाळण्यासाठी वीज तोडण्याचा त्रास मुख्यतः डोंगराळ भागाला होतो. ऑक्टोबर 2019 मध्ये पीजी अँड ईने एकेका वेळी लाखो जोडण्या बंद ठेवल्या होत्या. अलीकडे त्याचा आवाका कमी झाला असला, तरी घरात ऑक्सिजन यंत्रावर असलेले आई-वडील असतील तर हा मुद्दा दरापेक्षा मोठा ठरतो.

म्हणून सपाट भागातली दोन सारखी घरे समोर असतील, तर सांता क्लाराच्या घरासाठी बिलातील बचतीइतका जादा हप्ता देणे मला योग्य वाटते, त्याहून जास्त नाही. डोंगरातले घर आवडले असेल, तर वीज कोणाची हा प्रश्न दुय्यम आहे. स्टेट फार्मने 2023 मध्ये राज्यात नव्या गृहविमा पॉलिसी देणे थांबवले होते, हे लक्षात ठेवून त्या पत्त्यासाठी विमा मिळतो का आणि कितीला मिळतो, हे ऑफर देण्याआधी लेखी घ्यावे. विमा पुनर्बांधणीच्या पूर्ण खर्चाचा असावा, कारण कंपनीकडून मिळणारी भरपाई किती, कधी आणि कोणत्या रूपात येईल हे पॅराडाइजच्या लोकांच्या हातात नव्हते.