ठाण्यात रिनल स्कॅन: कॅमेरा उत्तम, वजनकाटा कोपऱ्यात

घोडबंदर रोडच्या बाजूला असलेल्या या न्यूक्लिअर मेडिसिन सेंटरमध्ये किडनीचे दोन्ही प्रकारचे स्कॅन होतात. मूत्रनळी कुठे तुंबली आहे का आणि कोणती किडनी किती काम करते, हे बघायला डीटीपीए किंवा ईसी; ही शिरेतून द्यायच्या किरणोत्सारी औषधांची नावं, त्यांचा प्रवास कॅमेरा टिपतो. मुलांच्या किडनीवर इन्फेक्शनचे व्रण राहिलेत का, हे बघायला डीएमएसए हे तसंच दुसरं औषध. डीएमएसएमध्ये इंजेक्शननंतर २ ते ३ तासांनी फोटो काढतात, त्यामुळे मुलाचा डबा घेऊनच जावं. ताजं इन्फेक्शन असताना हा स्कॅन केला, तर तात्पुरती सूजही व्रणासारखी दिसते. अपॉइंटमेंट देताना इथे तेवढं आवर्जून विचारतात, हे चांगलं.

पाण्याबाबतही शिस्त आहे. स्कॅनआधी अर्धा-पाऊण तास साधारण अर्धा लिटर पाणी प्यायला लावतात आणि टेबलावर घेण्याआधी लघवीला पाठवतात. कोरड्या शरीराची किडनी औषध सावकाश सोडते, आलेख पसरट येतो आणि नसलेला अडथळा रिपोर्टात उमटतो. लॅसिक्स (लघवी वाढवणारं इंजेक्शन) दिल्यावर किडनीतलं अर्धं किरणोत्सारी औषध १० मिनिटांच्या आत उतरलं तर अडथळा नाही, २० मिनिटांच्या वर गेलं तर आहे. मधल्या पट्टीत डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी लघवी करून आल्यावर उभ्याने घेतलेला फोटो कामाला येतो. तो इथे न मागता घेतात. बऱ्याच ठिकाणी गर्दीत तो राहून जातो.

तक्रार आहे ती जीएफआरच्या, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्या आकड्याबद्दल. तो काढायच्या गेट्स पद्धतीत इंजेक्शननंतरच्या २ ते ३ मिनिटांतले किडनीवरचे काउंट (कॅमेऱ्याने मोजलेले किरण) धरतात. खोलीत किरण अडतात, म्हणून किडनी किती खोल आहे, हे उंची-वजनावरून काढतात: उजवीसाठी वजन भागिले उंची, गुणिले १३.३, अधिक ०.७, उत्तर सेंटिमीटरमध्ये. १७० सेंमी उंचीच्या माणसाचं वजन ८० किलो असताना ७० लिहिलं, तर खोली पाऊण सेंटिमीटरने कमी धरली जाते आणि जीएफआर साधारण बारा-तेरा टक्क्यांनी खाली येतो. आणि इथे वजन काउंटरवर तोंडी विचारतात! काटा आहे, पण खोक्यांच्या मागे. सांगून मोजायला लावा. किडनी देणाऱ्या दात्याचा निर्णय असेल तर या आकड्यावर थांबू नका; रक्ताचे नमुने घेऊन प्लाझ्मा पद्धतीने काढलेला जीएफआर मागा.

हा आकडा चुकण्याची दुसरी जागा सुईची. औषध शिरेबाहेर गेलं, तर सिरिंजच्या काउंटमध्ये ते धरलं जातं, किडनीपर्यंत मात्र पोहोचत नाही. जीएफआर उगाच कमी दिसतो. इथे आधी कॅन्युला लावून सलाईनने तपासतात आणि सिरिंज इंजेक्शनआधी व नंतर दोन्ही वेळा मोजतात. या बाबतीत पूर्ण गुण.

वेळेला जावं. या औषधांतलं किरणोत्सारी टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, म्हणजे दोन तासांच्या उशिरात पाचवा भाग गेला. ज्या जनरेटरमधून ते काढतात त्यातलं मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मं होतं. जनरेटर आल्यावर चौथ्या दिवशी जेमतेम एक-तृतीयांश उरतं आणि अपॉइंटमेंटा कमी होतात. फोन करून ‘जनरेटर कधी येतो’ हेच विचारा, लगेच सांगतात. कोल्ड किट (ज्यात टेक्नेशियम मिसळून औषध तयार करतात त्या कुप्या) वाशीला ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत बनतात, त्यामुळे त्यांची इथे टंचाई नसते.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी कमी काम करत असेल, तर डीटीपीएऐवजी ईसी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ईसी मुख्यतः किडनीतल्या बारीक नळिकांमधून उत्सर्जित होतं, त्यामुळे थकलेली किडनीही जास्त स्पष्ट दिसते.

रिपोर्टबरोबर आलेख आणि मिनिटा-मिनिटाचे फोटो मागून घ्या. दोन किडन्यांच्या कामाचा वाटा सांगणारा नुसता ‘४५:५५’ असा कागद युरॉलॉजिस्टच्या उपयोगाचा नाही. लॅसिक्सचा जोर साधारण दोन तास राहतो, तेव्हा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरण्याआधी पुन्हा एकदा बाथरूमला जाऊन या.