गाडी सुकली, बिल झालं

पावसात मिसिंग मारणारी (ठिणगी चुकून झटके देणारी) जुनी मोटरसायकल दुरुस्तीला टाकली की परत ताब्यात मिळते ती नेमकी कोरड्या दिवशी. छपराखाली दोन-चार दिवस उभी राहिली की आतली ओल आपोआप सुकते आणि कुणी पाना न लावताही गाडी छान पळायला लागते. हे गुपित ठाऊक असलेल्या मेकॅनिकची नियत खोटी असेल, तर तो एकाच बिघाडावर कितीही वेळा पैसे काढू शकतो. माझ्याकडून काढले. कसे, ते लिहितो. अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ लोक हौसेनं वापरतात आणि हा डाव कुठेही चालतो.

माझी गाडी सिंगल सिलिंडर, कार्बोरेटरवाली (तो हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देतो), सीडीआय इग्निशनची, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा असलेली. कोरड्या रस्त्यावर काही तक्रार नाही. पाऊस लागला की मात्र सायलेन्सरमधून फटफट आणि झटके. थ्रॉटल पिळला की जास्त बिघडायची, अर्धा सोडला की कशीबशी चालायची. यातच अर्धं निदान होतं. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, मग पेट्रोल पेटवणाऱ्या स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्या करंटला बाहेरच्या बाहेर पळायला ओली वाट मिळाली, तर तो प्लगपर्यंत कशाला जाईल?

गॅरेजवाल्याने असलं काही विचारलं नाही. कोरडी गाडी स्टार्ट केली, दोनदा रेस दिली, मान तिरकी करून ऐकलं आणि सांगितलं, "साहेब, कार्बोरेटर गेला."

हे निदान ऐकायला खोटं वाटत नाही, हीच त्यातली मेख. पावसाचा त्रास पेट्रोलकडूनही होतोच. टाकीच्या झाकणाभोवती पाणी साचतं, ते बाहेर जायचं बारीक भोक मातीनं बुजलं की पाणी टाकीत उतरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी आपल्यात सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पण हे तपासायला कार्बोरेटर बदलावा लागत नाही. पेट्रोल कॉक बंद करायचा, फ्लोट बाउलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, खालचा ड्रेन स्क्रू सैल करायचा आणि निघेल ते काचेच्या बाटलीत धरायचं. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा गोळे डोळ्यांना दिसतात. त्याने हे केलं नाही. थेट कार्बोरेटर बदलला. जुना परत मागितला तर म्हणाला, "भंगारात गेला, काय करणार त्याचं?"

पुढचा पाऊस पडला आणि गाडी पुन्हा तशीच. या वेळी त्याने प्लग काढून इंजिनच्या हेडवर टेकवला, किक मारून ठिणगी दाखवली. "बघा, करंट पिवळा येतोय. कॉइल आणि सीडीआय दोन्ही टाकावे लागतील." (कॉइल म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग.) कोरड्या गाडीचा प्लग उघड्यावर धरून काढलेली ठिणगी ओल्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. पण समोर चटचट आवाज होत असतो, मेकॅनिक मान हलवत असतो, आणि उभ्या माणसाला तो पुरावा वाटतो. दोन्ही बदलल्याचं बिल झालं. गाडी मिळाली तेव्हा अर्थातच ऊन होतं.

तिसऱ्यांदा त्याने पूर्ण वायरिंग आणि "जमलं तर इंजिनही उघडून बघू" असं काढलं, तेव्हा मी गाडी उचलून दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडे नेली. त्याने दिवसा हातच लावला नाही. अंधार पडल्यावर गाडी उघड्यावर मेनस्टँडला लावली, चालू केली आणि झाडांना पाणी मारायच्या स्प्रेच्या बाटलीने आधी कॉइलवर, मग वायरवर, मग प्लगच्या टोपीवर तुषार मारले. टोपीवर पाणी पडलं मात्र, वायर टोपीत शिरते तिथून ठिणगीचा निळसर धागा सरकला आणि शेजारच्या फिनवर, इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्टीवर, जाऊन तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. प्रत्येक वेळी इंजिन अडखळायचं. टोपीचं रबर तिथे उललं होतं आणि भेगेच्या कडेनं काळी रेघ पडली होती. एवढंच. (हा प्रयोग करताना टोपीला किंवा वायरला हात लावू नका, झटका जबर बसतो. पेट्रोल कुठे झिरपत असेल तर करूच नका.)

मीटरवर ती टोपी पास झाली असती, हेही त्याने दाखवलं. आतला रेझिस्टर साधारण पाच किलो-ओहमचा, तो ठणठणीत होता. करंट बाहेरच्या भेगेतून पळत होता, ते मीटरला कसं कळणार?

मग त्याने टाकी उतरवली आणि विचारलं, "कॉइल नवीन टाकली म्हणता?" माझ्या गाडीत प्लगची वायर कॉइलमध्येच मोल्ड केलेली असते. कॉइल नवीन तर वायरही नवीनच हवी. पण वायरवर मी फार पूर्वी गुंडाळलेली इन्सुलेशन टेप तशीच होती, कडा चिकट, धूळ खाल्लेल्या. कॉइलच्या बोल्टच्या माथ्यावर चिखल वाळून बसलेला, पान्याचा एक ओरखडा नाही. कॉइलला कुणी हातही लावला नव्हता. सीडीआय बदलला होता, पण त्यावरचं लेबल खरवडलेलं, म्हणजे कुठल्यातरी गाडीतून काढलेला. आणि कार्बोरेटर? माझ्या मूळच्या कार्बोरेटरवर कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत होतं. आत्ताचा अंगानं गुळगुळीत, कुठेच काही नाही. बंद झालेल्या मॉडेलच्या ओरिजिनल कार्बोरेटरला किती मागणी असते हे जुन्या गाडीवाल्यांना सांगायला नको. तो भंगारात गेला असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

बिल घेऊन पहिल्या गॅरेजवर गेलो. आधी म्हणाला, "वायर चांगली होती म्हणून जुनीच ठेवली." वायर कॉइलपासून वेगळी होत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग पोराकडून राहिलं असेल." कार्बोरेटरवर शेवटपर्यंत एकच पालुपद, भंगार. पैसे परत मागितले तर, "पुढच्या सर्व्हिसिंगला अॅडजस्ट करतो ना साहेब."

आता मी कुठेही गाडी देताना बिघाड आधी तिथेच, पाणी मारून दाखवतो, आणि दुरुस्तीनंतर तसंच पाणी मारून बघतो. बदललेला प्रत्येक पार्ट त्याच वेळी पिशवीत घेतो, तो कितीही कुजका असो. पार्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो, त्यावरचे आकडे आणि नाव दिसतील असा. चांगला मेकॅनिक याला हरकत घेत नाही. त्या मिस्त्रीने तर जुनी टोपी स्वतःहून हातात ठेवली.

त्याने वायरचं टोक थोडं छाटून तांब्याच्या ताज्या तारांवर नवीन टोपी पिळून बसवली आणि तोंडाशी सिलिकॉन ग्रीस भरलं. भर पावसात गाडी आता झटका देत नाही. आयडलिंग (थ्रॉटल न पिळता चालू इंजिनचा वेग) मात्र अजून खाली-वर होतं, कारण तो गुळगुळीत कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी एका जागी बसत नाही. ओरिजिनल शोधतोय, मिळाला की आधी त्यावरची अक्षरं वाचणार.